कोरफड, उंदीर आणि स्त्रीचे रक्त : एका नमुन्याचा इतिहास

माळव्यातल्या मराठी घरांचा बडोद्याशी संबंध जुना आहे. शिंदे, होळकर, पवार, गायकवाड ही नावे इतिहासाच्या पुस्तकात शेजारी शेजारी येतात. आपल्या घरांत ती सोयरिकींतून येतात. उज्जैनची मुलगी बडोद्याला, बडोद्याची देवासला. या सोयरिकींत एक गोष्ट नेहमी आवाज खाली करून बोलली गेली. लग्नाला चार वर्षे झाली तरी सुनेची कूस उजवत नाही, पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस दिसतात. मग तिच्या नावाने नवस बोलायचे, तिनेच उपास करायचे, आणि ते फळले नाहीत तर मुलासाठी दुसरे स्थळ पाहायचे. दोष कोणाचा, हे कोणी तपासलेले नसे. ते ठरलेलेच असे.

आज या लक्षणांना पीसीओएस म्हणतात आणि बहुतेक घरांत हा शब्द पोचला आहे. पण स्त्रीच्या शरीरातली ही घडामोड रक्तात मोजता कशी येऊ लागली, आणि त्यासाठी उंदरांना काय सोसावे लागले, हे फारसे सांगितले जात नाही. त्या हकीकतीचा एक टप्पा बडोद्यातच आहे.

प्रथम एक मोह बाजूला ठेवू. काश्यपसंहितेच्या रेवतीकल्पात 'पुष्पघ्नी' नावाची जातहारिणी आहे. तिचे गाल भरलेले आणि केसाळ, तिचे पुष्प निष्फळ. हाच पीसीओएस, असे अलीकडे पुष्कळ जण लिहितात. वर्णन विलक्षण आहे, यात शंका नाही. परंतु त्याच ठिकाणी तिला पुष्पदर्शन यथाकाल होते, म्हणजे पाळी वेळेवर येते, असेही म्हटले आहे. आणि या विकारात बहुधा बिघडते ती नेमकी वेळच. प्राचीनांची नजर तीक्ष्ण होती हे मान्य करावे, आजच्या निदानाचे श्रेय मात्र त्यांच्या पदरात टाकू नये.

आधुनिक काळात हे चित्र १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी मांडले. त्यांच्यापुढे सात स्त्रिया होत्या. त्यांनी अंडाशयाची पाचर कापून काढली. सातही जणींची पाळी सुरू झाली आणि दोघींना दिवस गेले. अंडाशयात त्यांना दिसलेल्या पुटकुळ्या म्हणजे खरे तर वाढता वाढता अडकून पडलेली बीजकोशाची पुटके. ती का अडकली, याचे उत्तर डोळ्यांना दिसणारे नव्हते. ते रक्तात होते, आणि रक्तातले प्रमाण इतके सूक्ष्म की निरोगी स्त्रीच्या एक मिलिलिटर रक्तात टेस्टोस्टेरॉन एक नॅनोग्रामसुद्धा भरत नाही. ग्रॅमचे शंभर कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाहूनही कमी. अशी मोजणी सुकर झाली ती यॅलो आणि बर्सन यांच्या किरणोत्सारी पद्धतीमुळे, १९६० च्या सुमारास. रोझॅलिन यॅलो यांना त्यासाठी १९७७ चे नोबेल मिळाले.

त्याच सुमारास, १९६२ मध्ये, अमेरिकेतल्या ऑगस्टा गावी रॉय, महेश आणि ग्रीनब्लॅट या तिघांनी उंदरांच्या माद्यांना पुरुषी संप्रेरकांच्या जातीची द्रव्ये देऊन त्यांच्या अंडाशयात तशाच पुटकुळ्या उत्पन्न करून दाखवल्या. त्यांतले वीरेंद्र महेश मूळचे भारतीय. आजार माणसाचा, पण त्याची प्रतिकृती उंदरात, ही वाट या विकारासाठी तेव्हा उघडली. उंदरीचे बीजचक्र चार-पाच दिवसांचे असते. योनीतल्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या की चक्र चालू आहे की थांबले, ते रोज सकाळी कळते. स्त्रीच्या बाबतीत ज्याला वर्ष लागेल ते इथे दोन महिन्यांत दिसते.

पुढे लेट्रोझोलचा नमुना आला. २००४ पासून तो फार वापरला जातो. तो समजून घ्यायला स्वयंपाकघरात चला. अंडाशयात दोन प्रकारच्या पेशी जोडीने काम करतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून एलएचचा निरोप आला की पहिली पेशी टेस्टोस्टेरॉनसारखी द्रव्ये बनवते; ती कणीक समजा. एफएसएचचा निरोप आला की दुसरी पेशी तिची पोळी लाटते, म्हणजे इस्ट्रोजेन करते. ज्या लाटण्याने हे होते ते अरोमाटेज नावाचे विकर. लेट्रोझोल ते लाटणेच काढून घेते. कणीक साचते, पोळी होत नाही. एकवीस दिवस रोज हे औषध दिलेल्या उंदरीच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन आणि एलएच चढतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन उतरतात, चक्र थांबते.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात महर्जन, नागर आणि नांपुथिरी यांनी हाच नमुना घेतला आणि २०१० मध्ये आपले काम प्रसिद्ध केले. चार्ल्स फॉस्टर जातीच्या पाच महिन्यांच्या माद्यांना लेट्रोझोल दिले. नंतर रोज एक मिलिलिटर कोरफडीचा गर, पंचेचाळीस दिवस. चक्र पुन्हा सुरू झाले, साखर पचवण्याची ताकद परतली, अंडाशयातल्या संप्रेरकांची घडी बसली. गर लेट्रोझोलच्या सोबतच दिला तेव्हा विकार जडलाच नाही.

आपल्याकडे कोरफडीला कुमारी म्हणतात, कुमारी आसव आजीच्या फडताळात असेच. त्यामुळे हे वाचून कुंडीकडे हात जाणे स्वाभाविक आहे. तो क्षणभर आवरा. या उंदरीचे इस्ट्रोजेन उतरलेले असते. पीसीओएस असलेल्या स्त्रीचे सहसा तसे उतरलेले नसते. टेस्टोस्टेरॉनपुरता हा नमुना खरा, इस्ट्रोजेनपुरता खोटा. कोरफडीने लेट्रोझोलची बाधा उतरवली, एवढे बडोद्याने दाखवले आणि ते नीट दाखवले.

आता खरी गंमत ऐका. जे लेट्रोझोल उंदरीला हा विकार जडवते तेच या विकाराच्या स्त्रीला मूल होण्यासाठी दिले जाते! मुळात ते स्तनाच्या कर्करोगाचे औषध. भारत सरकारने २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. २०१४ मध्ये अमेरिकेत ७५० स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला: लेट्रोझोल घेणाऱ्यांत २७.५ टक्के जणींना मूल झाले, जुन्या क्लोमिफीनवर १९.१ टक्के. आपल्याकडची बंदीही पुढे उठली. विरोधाभास दिसतो तेवढा नाही. स्त्रीला ते पाचच दिवस देतात. इस्ट्रोजेन थोडा वेळ उतरते, पीयूषिका ग्रंथी जागी होऊन एफएसएच वाढवते आणि अडकलेले पुटक पुढे सरकते. उंदरीचे लाटणे एकवीस दिवस परतच मिळत नाही.

उंदरांच्या पलीकडे, विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी ऱ्हीसस माकडिणींवर पाहिले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. गाभण माद्यांना टेस्टोस्टेरॉन टोचले. त्यांच्या लेकी वयात आल्या तेव्हा त्यांच्यात एलएच चढलेले, बीज वेळेवर सुटत नाही, इन्शुलिनचे काम ढिले. त्या लेकींनी पथ्य मोडले नव्हते की कोणाचा नवस चुकवला नव्हता. बिघाड जन्माआधीच पेरला गेला होता. हे ऐकून सुनेवरचा दोष तिच्या आईवर ढकलणारेही आपल्यात निघतील. त्या माकडिणींना सुई बाहेरून टोचली होती, एवढे त्यांच्या कानावर घाला.