सात चिंचोके

परवा नातीने मला गप्प केलं. वय वर्षं पाच. फरशीवर सात चिंचोके मांडले, त्यातले तीन मी उचलून बाजूला ठेवले आणि विचारलं, "आता किती?" तिने पुन्हा सगळे मोजले. "सातच आहेत की गं आजी!"

चूक कुणाची? चिंचोके तिच्या डोळ्यांसमोरच तर होते. मग मी तीन मुठीत लपवले. "चार," ती म्हणाली, "आणि तीन तुझ्याकडे." हे दुसरं तर मी विचारलंच नव्हतं!

तिच्या बाबाला मी वजाबाकी शिकवली ती पाटीवर. वर सात, खाली तीन, त्याखाली आडवी रेघ. जमेना, तेव्हा एकदा पाठीत धपाटाही घातला. (तो हे वाचणारच आहे, म्हणून लिहूनच टाकते.) हातात वस्तू नाही, नुसते शब्द. आणि शब्द तरी कसले! 'वजा' आणि 'बाकी' दोन्ही मूळचे अरबी, फारसीच्या वाटेने आपल्या हिशेबाच्या वहीत येऊन बसलेले. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) याच क्रियेला व्यवकलित म्हटलंय. तेही पाच वर्षांच्या जिभेला पेलणारं नाही :)

वस्तू आधी आणि आकडा नंतर, हे मॉन्टेसरीबाईंनी सांगितलं होतं. पण त्यांची साधनं ठरावीक मापाची, मुद्दाम घडवून घ्यावी लागणारी, महाग. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून ताराबाई मोडकांनी ती पद्धत आत्मसात केली. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या (गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात, २०१४ पासून पालघरमध्ये), अनुताई वाघही तिथे आल्या. गरिबांच्या मुलांसाठी ती महागडी पेटी आणायची कुठून? मग शंख-शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या वस्तीवर, अंगणात गेली. अंगणवाडी ती हीच. १९७५ मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि हा शब्द देशभर पोचला.

या बदलाबद्दल बोलताना लोक 'स्वस्त आणि मस्त' एवढंच म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. शिंपला मुलाने स्वतः वेचलेला असतो. शेजारच्याने त्यातले तीन उचलले तर काय झालं ते त्याला सांगावं लागत नाही, तो आधी भांडेल आणि मग मोजेल! दोघांचे शिंपले जोडीजोडीने समोरासमोर लावले की आणखी एक गंमत दिसते. कुणीच कुणाचं काही घेतलेलं नाही, तरी 'तुझे माझ्यापेक्षा तीन जास्त' ही वजाबाकीच. पाटीवरच्या रेघेत हे दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. लेकाचं घोडं नेमकं इथेच अडायचं. 'गेले किती' म्हटलं की जमायचं, 'जास्त किती' म्हटलं की तो सरळ बेरीज करायचा. मला वाटायचं, लक्ष नाही.

असो. रात्री चिंचोक्यांच्या डबीत चारच निघाले. बाकीचे तीन नातीने बाबाच्या हातात दिले होते आणि त्याला समोर बसवून विचारत होती, "आजीकडे किती राहिले, सांग."