विजय भटकर : नालंदाचे अभियंता कुलपती

'परम' महासंगणकाचे शिल्पकार डॉ. विजय पांडुरंग भटकर यांची जानेवारी २०१७ मध्ये नालंदा विद्यापीठाच्या कुलपतिपदी नियुक्ती झाली. बौद्ध ज्ञानपरंपरेचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाच्या सर्वोच्च पदावर एक मराठी अभियंता बसला.

जन्म व शिक्षण : भटकरांचा जन्म ११ ऑक्टोबर १९४६ रोजी अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात झाला. १९६५ मध्ये नागपूरहून अभियांत्रिकीची पदवी, पुढे बडोद्याहून पदव्युत्तर पदवी आणि १९७२ मध्ये आयआयटी दिल्लीतून पीएच.डी. असे त्यांचे शिक्षण झाले.

कारकीर्द : १९८० च्या दशकात अमेरिकेने अधिक क्षमतेचा क्रे महासंगणक भारताला नाकारला. १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' स्थापन झाले आणि नेतृत्व भटकरांकडे आले. अनेक प्रोसेसर एकाच वेळी कामाला लावण्याच्या तंत्रावर आधारित 'परम ८०००' १९९१ मध्ये तयार झाला. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे कामही याच संस्थेत झाले. त्यांना पद्मश्री (२०००) व पद्मभूषण (२०१५) मिळाले.

नालंदा : २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या या विद्यापीठात राजगीर येथे २०१४ पासून अध्यापन सुरू झाले. पहिले कुलपती अमर्त्य सेन यांनी २०१५ मध्ये दुसऱ्या कार्यकाळातून माघार घेतली. त्यांच्यानंतरचे जॉर्ज यो हेही अभियांत्रिकीचेच पदवीधर. आपल्याला विश्वासात न घेता नियामक मंडळ बदलल्याचे सांगत त्यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये राजीनामा दिला. दोघांनीही विद्यापीठाच्या स्वायत्ततेचा प्रश्न उपस्थित केला होता. त्यानंतर आलेले भटकर संघप्रणीत 'विज्ञान भारती'चे अध्यक्ष असल्याने या नियुक्तीवर चर्चा झाली. २०२३ मध्ये अर्थतज्ज्ञ अरविंद पानगढिया कुलपती झाले.

आपल्यासाठी महत्त्व : कुलपती सर्वोच्च पदावर असले तरी रोजचा कारभार कुलगुरू पाहतात. त्यामुळे एका व्यक्तीचा गौरव किंवा टीका करून विषय संपत नाही. नियामक मंडळावर कोण आहे आणि बौद्ध अध्ययनाला किती स्थान आहे, यावर समाजाचे लक्ष हवे. नालंदात बौद्ध अध्ययनाची स्वतंत्र शाखा आहे. मुरंब्यासारख्या खेड्यातून महासंगणकापर्यंत जाता येते, तर बीड, केज, गेवराई, अंबाजोगाईच्या पदवीधरांनीही तेथे प्रवेशासाठी अर्ज करावेत. वारसा सांगणाऱ्यांनी वर्गातही दिसले पाहिजे.