प्रार्थनारत हात

आल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१–१५२८) या जर्मन चित्रकाराचे १५०८ मधील पूर्वाभ्यासचित्र. व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयातील हा कागद जेमतेम २९.१ × १९.७ सेंमी. आहे. फ्रँकफुर्टचा श्रीमंत व्यापारी याकोब हेलर याने तिथल्या डॉमिनिकन चर्चसाठी ड्यूररला वेदीचित्राचे काम दिले होते. मधल्या फलकावर मेरीचे स्वर्गारोहण व राज्याभिषेक होता आणि खाली तिच्या रिकाम्या कबरीभोवती जमलेले प्रेषित. हे हात त्यांपैकी एका प्रेषिताचे.

कागदाला आधी निळा रंग देऊन घेतलेला आहे. तो निळाच मधली छटा होतो. सावल्या करड्या-काळ्या शाईच्या, उजेड पांढऱ्या रंगाच्या बारीक रेघांचा, आणि दोन्ही कुंचल्याने काढलेले. निळ्या कागदावर असे काम व्हेनिसचे चित्रकार करत, आणि ड्यूरर १५०७ मध्येच तिथून परतला होता. तळवे घट्ट जुळलेले नाहीत. बोटांची टोके टेकली आहेत, मध्ये थोडी पोकळी राहिली आहे. हाताच्या पाठीवरच्या शिरा आणि दुमडलेल्या बाहीची कडही त्याने त्याच निगुतीने टिपली आहे. केवळ तयारीसाठी कोणी इतके राबेल का, अशी शंका काही अभ्यासकांनी घेतली आहे आणि ती रास्त आहे. अशी रेखाटने कार्यशाळेत नमुने म्हणून जपली जात असावीत.

हे ड्यूररच्या खाणीत राबलेल्या भावाचे हात, ही लोकप्रिय कथा निराधार आहे.

हेलरशी मोबदल्यावरून झालेला वाद ड्यूररच्या पत्रांतून कळतो. ठरले होते १३० गुल्डन, मिळाले २००. महागडा निळा रंग वापरल्याचे सांगून चित्र पाचशे वर्षे ताजे राहील, अशी ग्वाही त्याने दिली होती. १५०९ मध्ये चित्र फ्रँकफुर्टला पोहोचले. बाजूचे फलक मुख्यतः त्याच्या कार्यशाळेने रंगवले. मधला मात्र त्याने स्वतः. तोच फलक १६१४ मध्ये बव्हेरियाच्या माक्सिमिलियनने विकत घेतला आणि १७२९ मध्ये म्युनिकच्या राजवाड्याला लागलेल्या आगीत तो जळाला. आज त्याची रचना योब्स्ट हारिख याने केलेल्या प्रतीवरून समजते. ती फ्रँकफुर्टच्या इतिहास संग्रहालयात आहे. ड्यूररचा स्वतःचा हात मात्र प्रतीत सापडत नाही. तो पाहायचा तर प्रेषितांची मस्तके, वस्त्रांच्या चुण्या, गुडघे टेकलेल्याचे तळपाय अशी उरलेली अभ्यासचित्रेच पाहावी लागतात.