गिरणीची हवा, सभागृहाची हवा

मार्च संपत आला की सोलापुरात दुपारी बारालाच रस्ते ओस पडायला लागतात. त्याच सुमाराला आमच्या सभागृहाच्या समितीने ठरवलं, की उन्हाळ्यातले कार्यक्रम सुरू व्हायच्या आत एसीचे डक्ट साफ करून घ्यायचे. समितीत रिकामा माणूस मी एकटाच, म्हणून देखरेख माझ्याकडे आली.

ठेकेदाराने दोन मुलं पाठवली. बरोबर एक शिडी, एक लांब लवचीक सळई आणि तिच्या टोकाला तारेचा ब्रश. तोंडाला रुमाल. छतातल्या एका जाळीतून त्यांनी सळई आत सारली, ड्रिलला जोडून गरगर फिरवली, आणि शेजारच्या जाळीतून करड्या धुळीचा लोट खाली आला. त्या धुळीत काहीतरी बारीक चमकत होतं. मी खोकत खोकत म्हटलं, "अरे, मास्क तरी लावा." त्यातला मोठा हसला. "काय होत नाही ओ काका, सवय झालीय."

हे वाक्य मी आमच्या घरात लहानपणी ऐकलेलं आहे. आजोबा गिरणीत कार्डिंग खात्यात होते. पाळीवरून आले की भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाची तुसं बसलेली असायची. आजी त्यांना उंबऱ्याबाहेरच उभं करून सदरा काढायला लावायची आणि अंगणात झटकायची. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला त्यांची छाती आवळायची. दोन दिवसांनी जरा बरं वाटायचं. "सवय मोडते ना सुट्टीत," असं ते म्हणायचे. डॉक्टर म्हणायचे, बिडीचा दमा. बिडी होतीच, पण ती सुट्टीच्या दिवशीही होती.

सोलापुरात हवा नळीतून फिरवण्याचा इतिहास सुरू होतो तो गिरण्यांपासून. इथली पहिली कापड गिरणी, जिला सगळं गाव जुनी मिल म्हणतं, १८७७ची. मग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. कापूस आसपास पिकत होता, माणसं मिळत होती. अडचण हवेची होती. सोलापूरचा उन्हाळा कोरडा. कोरड्या हवेत सूत कडक होतं, तुटतं, त्याच्यावर स्थिर वीज साठते आणि तंतू उडायला लागतात. सुताला दमट हवा मानवते. त्यामुळे साचेखात्यात हवा मुद्दाम ओली ठेवायची.

लँकेशायरमध्ये हवा मुळात दमट, तरी तिथे मालक साचेखात्यात वाफ सोडत. कामगारांच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८९ साली ब्रिटिश संसदेला या ओलाव्यावर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. 'एअर कंडिशनिंग' हा शब्दही गिरणीतलाच. विलिस कॅरिअरने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, ती कागद दमटपणाने फुगू नये म्हणून. १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर या उत्तर कॅरोलायनातल्या गिरणी अभियंत्याने सुताच्या 'कंडिशनिंग'वरून हवेसाठी तो शब्द वापरला. म्हणजे आज ज्या गारव्याला आपण चैन समजतो, त्याचा जन्म कागदासाठी आणि धाग्यासाठी झाला. माणूस त्या हवेत होता, पण हिशेबात नव्हता.

त्याच्या छातीचं नाव मात्र ठरलेलं होतं. जुनी मिल उभी राहिली त्याच १८७७ साली फ्रान्समध्ये आद्रियाँ प्रूस्त या डॉक्टरांनी कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला 'बिसिनोसिस' म्हटलं. (कादंबरीकार मार्सेल प्रूस्तचे हे वडील.) पुढे १९५०च्या दशकात रिचर्ड शिलिंग यांनी लँकेशायरचे कामगार तपासून या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. पहिली पायरी अशी, की सुट्टीनंतर कामावर परतलं की त्या दिवशी छाती आवळते. सुरुवातीला हे उलटवता येतं. वर्षानुवर्षं तीच हवा घेतली, तर श्वासनलिका कायमची अरुंद होते. आजोबांची 'सवय' ती हीच होती, हे मला ते गेल्यावर पुष्कळ वर्षांनी कळलं.

आपल्याकडे कारखाना कायदा होता १९४८चा, अमलात आला १ एप्रिल १९४९ला. त्याची तीन लागोपाठची कलमं मला फार बोलकी वाटतात. तेरावं कलम खेळत्या हवेचं होतं. चौदावं धुळीचं: धूळ जिथे निर्माण होते तिच्या शक्य तितक्या जवळच ती ओढून घ्यावी. पंधरावं कृत्रिम ओलाव्याचं: त्यासाठी वापरायचं पाणी पिण्याच्या पाण्याच्या स्रोतातलं किंवा नीट शुद्ध केलेलं असावं, कारण ते शेवटी कामगाराच्या फुप्फुसात जातं. त्याच १९४९ साली जुनी मिल बंद पडली. जानेवारी १९५०मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला आणि एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला. तो खटला आजही कायद्याचे विद्यार्थी अभ्यासतात. त्यात मालमत्ता आहे, समानतेचा हक्क आहे. हवा नाही.

साफसफाईबद्दलचा सगळ्यात नेमका नियम मला सापडला तो अमेरिकेच्या १९७८च्या कापूस-धूळ नियमांत. दुसरा मार्ग शक्य असेल तिथे दाबाच्या हवेने धूळ उडवून सफाई करायची नाही. करावीच लागली, तर करणाऱ्याने श्वसनाचा मास्क लावायचा आणि बाकीच्यांनी तिथून बाहेर जायचं. गिरणीवाल्यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि १९८१ साली ते हरले. तत्त्व साधं आहे: धूळ हलवणं म्हणजे सफाई नव्हे, धूळ पकडणं म्हणजे सफाई.

आमच्या सभागृहात त्या दिवशी धूळ नुसती हलत होती. आणि ते चमकणारं काय होतं, तेही वर चढून पाहिल्यावर कळलं. मुख्य डक्ट पत्र्याचा असतो, पण त्यातून प्रत्येक जाळीपर्यंत हवा नेणारी नळी लवचीक असते. तारेचं वेटोळं, त्यावर पातळ पापुद्रा, त्याभोवती काचेच्या तंतूंची लोकर आणि बाहेरून चकचकीत वेष्टन. तारेचा ब्रश आत गरगरला की तो पापुद्रा फाटतो. मग काचेचे तंतू थेट हवेच्या वाटेत येतात. म्हणजे सफाईनंतरची हवा आधीपेक्षा वाईट.

मी काम थांबवलं. ठेकेदाराशी वाद झाला, समितीत खर्चावरून झाला तो वेगळा. शेवटी दुसऱ्या पद्धतीने काम झालं. आधी मेन स्विच बंद करून त्यावर पाटी लावली. मग फिल्टर आणि कॉइल साफ केली, कारण तीच मळलेली असतील तर डक्ट महिन्याभरात पुन्हा भरतो. ज्या नळ्या फाटल्या होत्या, ओलावा धरून काळ्या पडल्या होत्या किंवा जिथे उंदरांनी घर केलं होतं, त्या धुतल्या नाहीत, सरळ बदलल्या. भिजलेली काचलोकर साफ होत नाही. उरलेल्यांच्या एका टोकाला हेपा फिल्टरचं ओढयंत्र लावलं, मधल्या जाळ्या झाकल्या आणि दुसऱ्या टोकाकडून मऊ नायलॉनचा ब्रश हळू फिरवत नेला. फवारे, सुगंधी औषधं काही नाही. नव्या नळ्या ताणून बसवल्या, कारण मध्ये झोळ पडला की धूळ आणि ओल तिथेच साचते.

दरवर्षी हे करायची गरजही नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९९७ साली लोकांसाठी काढलेल्या पुस्तिकेत स्पष्ट म्हटलं होतं, की डक्ट साफ केल्याने आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही; बुरशी दिसली, उंदीर-किडे झाले किंवा धुळीने वाट कोंदली, तर करावं. समितीतल्या काटकसरी मंडळींना हा भाग फार आवडला.

मुलं तीच होती. या वेळी नाकावर घट्ट बसणारे मास्क, चष्मे, हातमोजे. मोठा दिवसभर कुरकुरत होता. "गुदमरतंय ओ काका यात." उन्हाळा होता, एसी बंद होता, त्याचं खरंच होतं. दर अर्ध्या तासाने त्यांना बाहेर बसवून पाणी द्यायचं, एवढंच माझ्या हातात होतं.

संध्याकाळी तो दाराबाहेर गेला आणि शर्ट काढून झटकणार, एवढ्यात मी त्याला थांबवलं. आजी अंगणात सदरा झटकायची तेव्हा वारा तिच्याच तोंडावर असायचा. पुढे तीही खोकायची. घरात कुणी त्याचा संबंध लावला नव्हता.

मी ओढयंत्राची नळी उचलली आणि त्याच्या अंगावरच्या शर्टावरून फिरवली. पाठीवरून, खांद्यांवरून, बाह्यांवरून. त्याला गुदगुल्या झाल्या, तो हसायला लागला. शर्ट घरी वेगळा धुवायला सांग, असं मी त्याला बजावलं.

"कुणाला सांगू?" तो म्हणाला. "मीच धुतो."