लडाखमधील बांधकाम व्यवस्थापन : संधी मोठी, कसोटीही मोठी

रस्ते, पूल आणि बोगद्यांच्या कामांत पंधरा-वीस वर्षे घालविलेल्या स्थापत्य अभियंत्यांसाठी लडाख आणि लगतचा हिमालयीन प्रदेश हे महत्त्वाचे कार्यक्षेत्र ठरले आहे. श्रीनगर-लेह मार्गावरील झोजी ला ही सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीची खिंड हिवाळ्यात बर्फाखाली जाते आणि लडाखचा रस्ता तुटतो. हा संपर्क बारमाही राखण्यासाठी केंद्र सरकारने बोगद्यांची मोठी कामे हाती घेतली आहेत.

मनाली बाजूचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये, तर सुमारे साडेसहा किलोमीटरचा सोनमर्ग बोगदा जानेवारी २०२५ मध्ये खुला झाला. तेरा किलोमीटरहून लांब झोजिला बोगद्याच्या कामाचा प्रारंभ २०२० मध्ये झाला. सुमारे १५ हजार ८०० फुटांवरील शिंकू ला बोगद्याचा पहिला सुरुंग २६ जुलै २०२४ रोजी उडविण्यात आला.

नोकरीच्या वाटा

ज्येष्ठ पदे तीन ठिकाणी असतात : कंत्राटदार कंपनी, कामावर देखरेख करणारी सल्लागार संस्था आणि प्रत्यक्ष सरकारी यंत्रणा. अनुभवी उमेदवारांना पहिल्या दोन ठिकाणी अधिक वाव आहे. सीमा सडक संघटनेतील अभियंता अधिकाऱ्यांची भरती केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून होते. ती वाट तरुणांची आहे. या संघटनेच्या 'ग्रेफ' दलाचे केंद्र पुण्यात दिघी येथे आहे. लडाख प्रशासनाच्या नोकऱ्यांत मात्र २०२५ च्या नियमांनुसार स्थानिकांना ८५ टक्के आरक्षण असल्याने बाहेरच्यांनी त्यावर विसंबू नये.

अनुभव कोणता?

मेट्रोच्या भुयारी कामात यंत्राने खोदाई करण्याचा अनुभव असलेल्यांना येथे थोडे नव्याने शिकावे लागते. हिमालयात प्रामुख्याने सुरुंग लावून, खडकाची प्रत पाहत टप्प्याटप्प्याने आधार देण्याची 'नाटम' पद्धत वापरली जाते. भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल वाचून त्याच दिवशी निर्णय घेण्याची क्षमता व्यवस्थापकाकडे असावी लागते. सह्याद्रीतील बोगद्यांचा अनुभव या दृष्टीने मोलाचा ठरतो. नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या कोकण रेल्वेकडेच काश्मीरच्या रेल्वेमार्गावरील चिनाब पुलाचे काम सोपविण्यात आले होते. ३५९ मीटर उंचीचा हा पूल जून २०२५ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला.

हवामानाचे गणितही वेगळे आहे. उघड्यावरील कामांना वर्षातील जेमतेम पाच-सहा महिने मिळतात. त्या मुदतीत सिमेंट, पोलाद व डिझेल यांचा साठा करून ठेवावा लागतो. तापमान पाच अंशांखाली गेले की काँक्रीटसाठी विशेष काळजी घ्यावी लागते. विरळ हवेत यंत्रांची आणि माणसांचीही कार्यशक्ती घटते. बोगद्याच्या आतील खोदाई मात्र हिवाळ्यातही सुरू ठेवता येते.

जोखीम

नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडातील सिलक्यारा बोगदा खचून ४१ कामगार अडकले व सतराव्या दिवशी त्यांची सुटका झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये काश्मीरमधील गगनगीर येथे बोगद्याच्या कामगारांच्या वसाहतीवर दहशतवादी हल्ला होऊन सात जणांचा बळी गेला. अशा ठिकाणी शेकडो कामगारांची जबाबदारी शिरावर घ्यावी लागते, याची जाणीव पगाराचा आकडा पाहताना ठेवावी. शिवाय खासगी नेमणूक बहुधा प्रकल्पापुरती असते. तो संपल्यावर किश्तवारमधील पाकल डुल, रतले यांसारख्या जलविद्युत प्रकल्पांत बोगद्याचाच अनुभव उपयोगी पडतो, परंतु कुटुंबापासूनचा दुरावाही तितकाच वाढतो.

होकार देण्यापूर्वी

हृदय व फुफ्फुसांची तपासणी करून घ्यावी. लेहला पोहोचल्यावर शरीर उंचीला सरावेपर्यंतची विश्रांती सेवेचा भाग धरली जाते का, हे विचारावे. रजेचे चक्र, विमा, आजारी माणसाला खाली आणण्याची सोय आणि कामावर डॉक्टर आहे की नाही, हे लेखी घ्यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खडक धोकादायक वाटल्यास काम थांबविण्याचा अधिकार कोणाला आहे, हे नेमणूकपत्रात स्पष्ट असावे. मुदतीचा दबाव वरून येतो आणि अपघाताची जबाबदारी जागेवरील अधिकाऱ्यावर येते. हा अधिकार देण्यास कंपनी तयार नसेल, तर अन्य अटी कितीही आकर्षक असल्या तरी ती नोकरी न स्वीकारणेच श्रेयस्कर.