बकिंगहॅम कालव्याचे नावाडी

हिमायतनगरातून संध्याकाळी हुसेनसागराच्या बांधावर फिरावयास जाणाऱ्यांनी सर आर्थर कॉटन यांचा पुतळा पाहिलाच असेल. 1852 साली धवळेश्वरम् येथे गोदावरीचा बंधारा पुरा करणारे ते हेच. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावलेले पाणी तेथून कालव्यांत शिरले आणि काकिनाड्याहून विजयवाड्यापर्यंत नावांना वाट मिळाली. पुढे पेद्दगंजामपासून मद्रासकडे जाई तो बकिंगहॅम कालवा. त्यात मात्र समुद्राच्या भरतीचे खारे पाणी असे. आम्ही शिक्षक मुलांना नकाशात सुएझ दाखवितो. हा जवळचा कालवा राहूनच जातो.

त्याचा आरंभ 1806 साली मद्रास ते एन्नोर असा झाला. खुद्द मद्रास शहरातील दुवा 1877-78 च्या दुष्काळात खणला गेला. कालव्याला नाव मिळाले गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांचे. मातीची टोपली मात्र उपाशी माणसांच्या डोक्यावर होती. 1877 च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाची रोजची मजुरी ठरविली : एक पौंड धान्य व एक आणा. पौंड म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम! एवढ्यावर कष्टाचे काम होणार नाही, असा आक्षेप मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी घेतला. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. मद्रासेत पुढे मजुरी वाढली. तोवर पुष्कळांची कंबर मोडली होती.

नावाड्याचा दिवस वाऱ्यावर अवलंबून असे. वारा अनुकूल असला तर शीड. नसला तर बांबूचा रेटा. तेही न जमल्यास काठावर उतरून दोर खांद्याला लावावयाचा आणि भरलेली नाव पावलागणिक ओढावयाची. नदी आडवी आली की लॉक लागे. नाव दोन दरवाजांमधील हौदात घ्यावयाची, मागचा दरवाजा लावावयाचा, पाण्याची पातळी सारखी होईतो थांबावयाचे, मग पुढचा उघडावयाचा. घाई करून उपयोग नसे. श्रीहरिकोट्याच्या रानातील जळण, किनाऱ्यावरचे मीठ, डेल्ट्यातील तांदूळ अशा वाटेने मद्रासेत पोहोचत. शहराच्या चुली पेटत त्या या खांद्यांच्या बळावर.

शेजारून आगगाडी धावू लागली तशी मालाची ओढ तिकडे वळली. गाळ साचत गेला आणि 1965-66 च्या वादळांनी कालव्याची दैना केली. 2008 साली त्याची गणना राष्ट्रीय जलमार्गात झाली खरी. पण चेन्नईत त्याच्या पात्रातच आता शहरी रेल्वेचे खांब उभे आहेत.