यंत्रात नेमका कोणता प्रोग्राम चालू आहे?

चंदीगडहून काल्का-शिमल्याकडे जाताना शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी पिंजौर लागते. मुघल बागेसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात १९६३ साली हिंदुस्थान मशीन टूल्सचा, म्हणजे एचएमटीचा, कारखाना उभा राहिला. मिलिंग मशीन हे त्याचे महत्त्वाचे उत्पादन होते. पुढे १९७१ पासून तिथे ट्रॅक्टरही तयार होऊ लागले.

त्या काळातल्या मशीन टूलचे कंट्रोल पॅनेल उघडले, तर आत रिले, कॉन्टॅक्टर आणि वायरींचे जुडगे दिसत. स्पिंडल कधी फिरावे, टेबल कुठे थांबावे हे वायरिंगच ठरवत असे. म्हणजे वायरिंग हाच प्रोग्राम होता. त्याच्या दोन प्रती असत, एक ड्रॉइंगवर आणि दुसरी पॅनेलमध्ये. रात्रपाळीत कोणी एक वायर बदलून मशीन सुरू केले आणि ड्रॉइंगवर त्याची नोंद केली नाही, की दोन्ही प्रती वेगळ्या झाल्या. तरीही ताळा घेणे शक्य होते. वायर डोळ्यांना दिसते, मल्टिमीटर लावून तपासता येते. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या पन्नास वर्षांत आपण नेमकी हीच सोय गमावली.

१९६८ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिले पॅनेलला पर्याय मागितला. दरवर्षी मोटारीचे मॉडेल बदलले, की पॅनेल मोडून नवी वायरिंग करावी लागत होती. डिक मॉर्ले आणि त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्सने त्यावर 'मॉडिकॉन ०८४' हे नियंत्रक दिले. ०८४ म्हणजे कंपनीचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, इतका साधा अर्थ. इलेक्ट्रिशियनला ओळखीची वाटावी म्हणून प्रोग्रामची भाषा रिलेच्या आकृतीसारखीच, म्हणजे लॅडर, ठेवली. पण आता 'वायर' मेमरीत गेली होती.

मेमरीतले वाचायचे कसे? अनेक वर्षे प्रोग्राम ईप्रॉम चिपमध्ये भरत. ती पुसायला अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटे ठेवावी लागे. चिपच्या काचेवर चिकटवलेली चिठ्ठी दोन कामे करी : उजेड अडवी आणि प्रोग्रामची आवृत्ती सांगे. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवणे हीच बहुतेक ठिकाणची तपासणी! दुसरा पर्याय बॅटरीवर जपलेल्या रॅमचा. बॅटरी संपली आणि त्यातच वीज गेली, की प्रोग्रामही गेला.

वैयक्तिक संगणक आल्यावर लॅडर पडद्यावर दिसू लागले आणि संगणक व पीएलसी यांची देवाणघेवाण रोजची झाली. इथे नवशिके हमखास गोंधळतात. पीएलसीच्या जगात संगणकाकडून नियंत्रकाकडे जाते ते डाउनलोड, आणि नियंत्रकाकडून संगणकाकडे येते ते अपलोड. मोबाइलची सवय इथे उलटी पडते.

सीमेन्सच्या एस७-३०० मालिकेचे उदाहरण घ्या. त्यातून अपलोड केलेल्या प्रोग्राममध्ये तर्क असतो, पण तुम्ही दिलेली चलांची नावे आणि टिप्पण्या येत नाहीत, कारण त्या फक्त संगणकातल्या प्रकल्पात साठवलेल्या असतात. तो प्रकल्प हरवला, तर 'एम १०.३' म्हणजे नक्की काय, हे यंत्रापाशी उभे राहून शोधत बसायचे. डेटा ब्लॉकचे दुखणे वेगळेच आहे. ऑपरेटरने महिनोन्‌महिने जुळवत आणलेल्या वेळा आणि दाब पीएलसीत असतात, संगणकात मात्र पहिल्या दिवशीच्या किमती. तुलना न करता डाउनलोड केले, की ती सगळी मेहनत एका क्लिकमध्ये पुसली जाते. म्हणून 'कम्पेअर' ही आज्ञा आधी द्यायची आणि फरक दिसला तर कोणती प्रत खरी, हे यंत्र चालवणाऱ्याला विचारून ठरवायचे.

पण ही तुलना करतो कोण? संगणकातले सॉफ्टवेअर. जून २०१० मध्ये बेलारूसच्या एका अँटिव्हायरस कंपनीला सापडलेल्या 'स्टक्सनेट'ने नेमका तिथे घाव घातला. इराणमधील नतांझ येथील युरेनियम समृद्धीकरण प्रकल्प हे त्याचे लक्ष्य मानले जाते. स्टेप-७ हे सॉफ्टवेअर पीएलसीशी एका डीएलएल फाइलमार्फत बोलते. स्टक्सनेटने ती फाइल बदलून स्वतःची ठेवली. मूळ फाइलमधील १०९ फंक्शनांपैकी ९३ जशीच्या तशी पुढे पाठवली जात, फक्त १६ मध्ये फेरफार होता. अभियंत्याने ब्लॉक वाचायला मागितला, की त्याला स्वच्छ प्रत दाखवली जाई. त्याने नवा ब्लॉक लिहिला, तर वाटेतच त्यात संसर्ग मिसळला जाई. पीएलसीतला प्रोग्राम मोटरची वारंवारता १४१० हर्ट्झपर्यंत चढवून नंतर २ हर्ट्झवर आणत असताना पडद्यावरची तुलना सांगत होती : फरक नाही.

हे आपल्यापासून लांबचे समजू नका. सिमँटेकने मोजलेल्या बाधित संगणकांत इराण आणि इंडोनेशियानंतर भारत होता, सुमारे दहा टक्के. ठरावीक प्रकारची जोडणी नसेल तिथे स्टक्सनेट पीएलसीला हात लावत नसे, म्हणून आपल्याकडे त्याची फारशी झळ जाणवली नाही. माझ्या मते, त्यामुळेच आपल्या अभ्यासक्रमातही त्याला जेमतेम एखादा परिच्छेद मिळतो.

नव्या नियंत्रकांनी प्रश्न मिटला असेही नाही. एस७-१५०० मध्ये मूळ प्रोग्राम आणि त्याचे यंत्रभाषेतील रूप, दोन्ही साठवले जातात. त्यामुळे अपलोड करताना टिप्पण्याही परत मिळतात. २०१९ मध्ये इस्रायलमधील संशोधकांनी दाखवले, की या दोन प्रती एकमेकींपासून वेगळ्या करता येतात : अभियंत्याला मूळ प्रोग्राम दिसतो आणि प्रत्यक्षात चालते दुसरेच काही. २०२१ च्या टीआयए पोर्टल व्ही१७ मध्ये संगणक आणि पीएलसी यांच्यातील संवादासाठी टीएलएस संरक्षण आले.

तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मात्र बहुधा एस७-३०० सारखेच जुने नियंत्रक असतील. ती मालिका सीमेन्सने १ ऑक्टोबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली, सुटे भाग आणखी दहा वर्षे मिळतील असे जाहीर करून. पुढच्या प्रात्यक्षिकात त्यावर एक प्रोग्राम डाउनलोड करा. मग ज्या संगणकावर तो कधीच उघडलेला नाही, अशा दुसऱ्या संगणकावर अपलोड घ्या आणि दोन्ही छापील प्रती शेजारी ठेवून एकेक नेटवर्क डोळ्यांनी ताडून पाहा.